मारुती ८००: पुढच्या डाव्या चाकाची कटकट, लोअर आर्म आणि बॉल जॉइंटचं काम घरी होईल का?

केळीबाग, चोपडा तालुका

नमस्कार मंडळी.

गाडी मारुती ८००, १९९८ ची, पांढरी, एमएच १९. आप्पांनी शोरूममधून आणली तेव्हा मी सातवीत होतो. २०१३, २०१८ आणि २०२३ असं तीनदा पासिंग वाढवून घेतलंय आणि २०२८ लाही वाढवायचंच, हे घरात ठरलेलं आहे. इंजिन ठणठणीत. आप्पा आता ७४ चे झाले, दुसरी कुठली गाडी त्यांच्या हातात बसत नाही. रोज सकाळी हीच घेऊन मळ्यात जातात.

तक्रार डाव्या पुढच्या चाकाची. डांबरी रोडवर सरळ चालली तर आवाज नाही. गतिरोधकावरून उतरताना एकदाच ‘कट्’ होतं. मळ्याच्या रस्त्याला चाकोरीत चाक पडलं की कटकट सुरूच. पाटाच्या मोरीवरून डावीकडे वळताना स्टिअरिंगवर कोणी टिचकी मारावी तसं हाताला लागतं. जोरात ब्रेक मारला तर गाडी जराशी डावीकडे ओढते. डाव्या टायरची आतली कड बाहेरच्यापेक्षा जास्त घासली आहे.

गावात एका गॅरेजला दाखवली. त्यांनी गाडी हाताने दोनदा दाबली आणि पुढचं सगळं बदला म्हणून सांगितलं: दोन्ही स्ट्रट (स्प्रिंगसकट शॉक ॲब्सॉर्बर), दोन्ही आर्म, स्टिअरिंगची रॅकसुद्धा. चाक काही उचलून बघितलं नाही. दुसरीकडे एक लेथवाला म्हणतो, बॉल जॉइंट काढून आणा, आतून भरून देतो, नव्याच्या पाव पैशात काम होईल.

माझ्याकडे ट्रॅक्टरच्या कामामुळे रिंग पाने, गोटीपाने, मोठा व्हाइस, दोन जॅक आणि ग्राइंडर आहे. ट्रॅक्टरच्या किंगपिनचं (पुढचं चाक ज्या पिनवर वळतं तिचं) काम मिस्तरीच्या हाताखाली दोनदा केलंय. कारच्या पुढच्या चाकाला मात्र अजून हात लावलेला नाही.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहिणी येणार, त्यांना आणायला गाडी लागेल. तीन आठवडे हातात आहेत. जॉइंट भरून घ्यावा का? आणि सुरुवात कुठून करू?


सातपुडा_यावल

बॉनेट उघडा. एकाने गाडी उभी असतानाच स्टिअरिंग पूर्ण डावी-उजवी फिरवायची आणि तुम्ही स्ट्रटच्या वरच्या टोकावर पंजा ठेवायचा. स्प्रिंग अडकून एकदम ‘टण्’ करून सुटली तर वरचा माउंट गेलाय. माझ्या गाडीत तेच निघालं होतं आणि मी उगाच खालचे भाग बदलत बसलो होतो. वरचं बघितल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. आणि स्ट्रटच्या मधला नट स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय अजिबात खोलू नका. ती दाबलेली स्प्रिंग असते, तोंडावर येते.


अमळनेर_आठशे

भाऊ, बाकीचं नंतर. आजपासून आप्पांना त्या गाडीची चावी देऊ नका. चाकाच्या खालचं सगळं तपासून होईपर्यंत गाडी दारात उभी राहू द्या. हे मी घाबरवायला लिहीत नाही, कारण सांगतो.

८०० ला पुढे खाली एकच आर्म. त्याच्या टोकाला बॉल जॉइंट, म्हणजे कपात फिरणारी गोळी, आणि त्या गोळीचा दांडा म्हणजे स्टड चाकाच्या नकलमध्ये (चाकाचा हब धरणाऱ्या तुकड्यात) बोल्टने आवळलेला. गाडीचं वजन त्या जॉइंटवर नसतं, ते स्ट्रटमधून वर बॉडीत जातं. पण चाकाला खालून जागेवर धरून ठेवणारं दुसरं काहीही तिथे नाही. गोळी कपातून निघाली की चाक खालून बाहेर पडतं आणि गाडी त्या कोपऱ्यावर बसते.

२०११ ला माझ्या मेहुण्यांच्या ८०० चं पारोळ्याच्या अलीकडे हेच झालं. वेग काही नव्हता. समोरून कापसाची गाडी आली म्हणून साइडपट्टीवर उतरले, आणि परत डांबरावर चढताना डावं चाक आडवं झालं. मागच्या सीटवर माझी बहीण होती, मांडीवर दोन वर्षांची भाची. कोणाला लागलं नाही. तो जॉइंट चार महिन्यांपूर्वी लेथवर भरून घेतलेला होता. तो आर्म मी अजून जपून ठेवलाय. कपाचा ओठ बाहेरच्या बाजूला केळीच्या सालीसारखा वळलाय, आणि आत ओतलेलं प्लास्टिक दोन तुकडे होऊन पडलंय. गोळी हातात घेऊन अंगठा फिरवला तर एका बाजूला गंजाचे खड्डे नखाला लागतात. म्हणजे गोळी गोल राहिलीच नव्हती. खड्डे पडलेल्या गोळीभोवती नवं प्लास्टिक ओतलं तर आठवडाभर आवाज जातो, कारण जागा भरलेली असते. मग तेच खड्डे त्या प्लास्टिकला कानशीसारखे घासतात. आणि ज्या ओठाने गोळी धरायची तो पातळ झालेला ओठ तसाच राहतो. म्हणून खालचा बॉल जॉइंट भरायचा नाही. ८०० चा आर्म जॉइंट बसवूनच येतो, तो सबंध नवा घ्यायचा.

आता तपासणी. दोन्ही पुढची चाकं उचला, एकच नको. का, ते पुढे येईल. जॅक बॉडीच्या जॅक लावायच्या जागी लावा, आर्मखाली लावू नका. आपल्या गाडीत स्प्रिंग स्ट्रटवर आहे, त्यामुळे चाक मोकळं लटकलं तरच जॉइंटमधली ढिलाई दिसते. ज्या गाड्यांत स्प्रिंग किंवा टॉर्शन बार खालच्या आर्मवर असतो, जसं ॲम्बेसेडरमध्ये, तिथे उलटं: जॅक आर्मखाली घ्यावा लागतो, नाहीतर स्प्रिंगच जॉइंटला दाबून धरते आणि झिजलेला जॉइंट चांगला वाटतो. खूप जण इथे फसतात.

गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्या. जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही. काळ्या मातीत घोडीचा पाय रुततो, तुमच्याकडे सिमेंटचं खळं असेल तर तिथेच काम करा, नसेल तर खाली जाड फळ्या टाका.

चाक वर-खाली दोन टोकांना धरून हलवा. हललं तर घरातल्या कोणाला तरी आत बसवून ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर ढिलाई व्हील बेअरिंगची. तरीही हलत असेल तर खालचा जॉइंट. खात्री करायला आर्म आणि नकल यांच्या मध्ये टॉमी (पहार) घालून हळूच उचका आणि दुसऱ्या हाताचं बोट जॉइंटच्या रबरी बुटावर ठेवा. आवाज कुठून येतो ते कानाला नीट कळत नाही, पत्र्यातून फिरत येतो. बोटाला मात्र नेमकी जागा लागते.

मग चाक डावीकडून-उजवीकडून धरून हलवा. इथे ढिलाई आली तर टाय रॉड एंड किंवा रॅक. हाही शोध बोटानेच.

ब्रेक मारल्यावर डावीकडे ओढते असं तुम्ही लिहिलंय, त्यावरून माझा संशय स्टॅबिलायझरच्या दांड्याच्या रबरी बुशवर जास्त आहे. आपल्या गाडीत तो दांडा फक्त गाडी कलू नये म्हणून नाही. त्याचं टोक आर्ममधून आरपार जातं आणि चाकाला मागे सरकू देत नाही. तो बुश लांबट झाला की ब्रेक मारताना त्या बाजूचं चाक मागे जातं, गाडी त्या बाजूला ओढते, टो (चाकं पुढून किती आत-बाहेर वळलेली ते माप) बिघडतो आणि टायरची कड खाल्ली जाते. तुमची चारही लक्षणं या एका कोपऱ्यात जमतात. गॅरेजवाल्यांनी रॅक बदला म्हटलं ते चाक न उचलता, त्यामुळे रॅकचं सध्या विसरा.

काम करताना: आदल्या रात्री सगळ्या नटांवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. दोन्ही चाकं लटकलेली असू द्या. एकच उचललं तर स्टॅबिलायझरला पीळ बसतो आणि नट सुटला की दांडा उसळतो. दांड्याच्या टोकाची स्प्लिट पिन काढा, नट काढा, आणि वॉशरचा खोलगट भाग कुठल्या बाजूला होता त्याचा मोबाइलवर फोटो घ्या. नंतर हमखास विसरायला होतं.

नकलचा आवळबोल्ट पूर्ण बाहेर काढायचा, नुसता ढिला करून भागत नाही. स्टडला खाच असते, बोल्ट त्या खाचेतून जातो. मग नकलच्या फटीत पातळ छिन्नी हलकेच ठोका, कणभर फट उघडली की बास. जास्त उघडली तर नकल फुटते. आर्मवर लांब पाइप ठेवून खाली दाबा, स्टड सुटतो. सुटल्यावर नकल बाहेर झुलू देऊ नका, तारेने स्ट्रटला बांधा, नाहीतर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट बाहेर ओढला जातो आणि ब्रेकच्या होजवर ताण येतो.

टाय रॉड एंड बदलायची वेळ आली तर टेपरला (त्याच्या निमुळत्या दांड्याला) वरून हातोडा मारू नका, आटे दबतात. नकलच्या कानाला दोन्ही बाजूंनी दोन हातोडे एकाच वेळी मारायचे, टेपर आपोआप उडतो. नवा बसवताना टेपर कोरडा आणि स्वच्छ, ग्रीस नको. खाचांच्या नटाचं भोक जुळलं नाही तर नट आणखी आवळून जुळवायचा, मागे सोडून नाही. स्प्लिट पिन दर वेळी नवीन.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यात मी स्वतः चुकलो. आर्मचा आतला बोल्ट, जो बॉडीला रबरी बुशमधून बसतो, तो गाडी हवेत असताना फायनल आवळू नका. हाताने बसवा, चाकं लावा, गाडी जमिनीवर घ्या, दोन-तीनदा दाबून सोडा, मग आवळा. बुशची आतली नळी बोल्टने पक्की होते आणि रबर तेवढं पीळ खातं. चाक लटकलेलं असताना आवळलं तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं. २००६ ला मी नवे बुश असे हवेत आवळले आणि पुढच्या पोळ्यापर्यंत दोन्ही फाटले. दुकानदाराला मी माल खराब म्हणून बोललो होतो. नंतर जाऊन माफी मागितली.

टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळायचा पाना) असेल तर गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढाच टॉर्क द्या. नसेल तर मागून आणा, या तीन-चार बोल्टांना अंदाज चालत नाही.


लेथ_धुळे

भाऊ, अमळनेरवाला खरं सांगी राहिना. मी स्वतः लेथवर २६ वर्षं काम करतो, आणि बॉल जॉइंट भरानं काम मी करस नही. रोज कोणीतरी विचारतं.

पण लेथवाले म्हणजे सगळे सारखेच असं कोणी समजू नये म्हणून लिहितो. ट्रॅक्टर आणि जुन्या ट्रकच्या किंगपिनला गनमेटलचे बुश असतात. ते नवे ठोकायचे, रीमर मारून पिनच्या मापाला आणायचे, ही पद्धत कंपनीच्याच कामाची आहे, ती लेथवर होते आणि वर्षानुवर्षं टिकते. तिथे झिजणारा भाग बदलण्यासाठीच बनवलेला असतो. बॉल जॉइंटचा कप मात्र दाबून बंद केलेला असतो. तो उघडला की त्याची पकड परत येत नाही. वेल्डिंग केलं तर उष्णतेने गोळीचं कडकपण जातं आणि आतलं अस्तर वितळतं. यात बनवायला काही राहातच नाही.

एक गोष्ट मात्र घरी करता येते. जॉइंटमध्ये ढिलाई अजिबात नाही, फक्त बूट फाटलाय आणि आत पाणी-माती गेलेली नाही, तर जुनं ग्रीस पुसून नवं भरा आणि बूट बदला. तपकिरी पाणी निघालं तर मात्र आत गंज धरलाय, मग आर्मच बदला. आपल्याकडे पावसाळ्यात काळी माती बुटाच्या चिरेत बसते आणि उन्हाळ्यात तिथेच विटेसारखी वाळते. श्रावणात एकदा आणि मार्चमध्ये एकदा चाकाखाली डोकं घालून बूट बघत जा.

नवीन आर्मसोबत बुश आला नाही तर व्हाइसमध्ये दाबून बसतो. एका बाजूला बुशच्या बाहेरच्या नळीएवढा पाइपचा तुकडा आणि दुसऱ्या बाजूला बुश आत जाईल एवढा मोठा तुकडा. साबणाचं पाणी लावा, ऑइल किंवा ग्रीस लावू नका, रबर फुगतं. पाइपचे तुकडे लागले तर मला माप कळवा, कापून तोंड सपाट करून ठेवतो. त्याचे पैसे नको.


केळीबाग, चोपडा तालुका

सगळ्यांचे खूप आभार. चावी काढून घेतली. आप्पा नाराज आहेत, दोन दिवस मोटरसायकलवर मागे बसवून नेतोय.

काल खळ्यावर गाडी घोड्यांवर घेतली. वरचा माउंट ठीक. चाक वर-खाली हलतं आणि बायकोने ब्रेक दाबला तरी हलतं. टॉमी लावली तर बुटावरच्या बोटाला स्पष्ट ‘टिक्’ लागलं. बूट मागच्या बाजूने फाटलेला, आतून तपकिरी पाणी आलं. टाय रॉड एंड दोन्ही घट्ट. स्टॅबिलायझरचा आर्ममधला बुश बघितला तर दांडा मध्यावर नाही, एका बाजूला टेकलाय.

एक शंका. डाव्या बाजूचा स्टॅबिलायझरचा नट लांब पाइप लावूनही हलत नाही. गॅसने तापवू का?


अमळनेर_आठशे

शेजारी रबर आहे आणि ब्रेकचा होज आहे, गॅस नको. नटावर तारेच्या ब्रशने गंज साफ करा, तेल मारा, नटाच्या कडेला हातोड्याने आठ-दहा हलके ठोके द्या आणि तासभर थांबा. परत करा. दोनदा-तीनदा असं केल्यावर जरासा हलला तर एकदम सोडू नका. पाव फेरा उलटा, पाव फेरा सुलटा, मध्ये तेल. तरी नाही निघाला तर नटाला ग्राइंडरने एका बाजूने चीर पाडा आणि छिन्नीने फोडा. दांड्याचे आटे मात्र वाचवा, नट स्वस्त आहे, दांडा महाग.


केळीबाग, चोपडा तालुका

काम झालं, म्हणून सविस्तर लिहितो. पुढे कोणाला उपयोगी पडेल.

नट तिसऱ्या वेळेला हलला. पाव फेऱ्याने बाहेर काढायला चाळीस मिनिटं गेली, पण आटे शाबूत राहिले. जुना आर्म हातात आला तेव्हा स्टडला धरून हलवला, गोळी कपात अशी फिरली जशी सुकलेल्या शेंगेत दाणा. तो कप कापून बघितला. आत ग्रीस नाहीच, विटकरी रंगाची पेस्ट होती, आणि ती पुसल्यावर गोळीच्या खालच्या अर्ध्या भागावर टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे. आप्पांना तो तुकडा दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि मग चावीचा विषय काढला नाही.

आर्म जळगावहून आणला, बुश बसवलेला मिळाला. स्टॅबिलायझरचे बुश दोन्ही बाजूंचे बदलले, आर्ममधलेही आणि बॉडीच्या क्लॅम्पमधलेही. डावीकडचा काढलेला बुश उजवीकडच्या शेजारी ठेवला तर डावा लिंबासारखा लांबट. वॉशरचा फोटो खरंच कामी आला, मी उलटे बसवत होतो. टॉर्क रेंच गावातल्या ट्रॅक्टरच्या शोरूममधून एका दिवसासाठी मागून आणला. आतला बोल्ट चाकं जमिनीवर आल्यावरच आवळला. त्यासाठी दोन्ही पुढची चाकं जाड फळ्यांच्या थरावर घेतली, म्हणजे गाडी वजनावर राहिली आणि पाना फिरवायला खाली जागाही मिळाली.

टाय रॉडला हात लावला नाही, तरी आर्म बदलल्यावर टो हलला असेल म्हणून घरी ढोबळ मापला. चाक उचलून फिरवत टायरच्या मधोमध खडूने रेघ मारली, गाडी खाली घेतली, थोडी पुढे-मागे ढकलली आणि दोन रेघांमधलं अंतर हबच्या उंचीवर पुढून आणि मागून मोजलं. पुढून अंतर चार मिलिमीटर जास्त भरलं, म्हणजे चाकं पुढून उघडी होती. तेवढ्यासाठी हळू चालवत जळगावला नेऊन मशीनवर अलाइनमेंट करून घेतली. तिथल्या मुलाने टाय रॉडचे लॉकनट सोडून दोन्ही बाजूंना सारखे फेरे दिले, त्यामुळे स्टिअरिंग सरळच राहिलं.

कटकट पूर्ण गेली. मोरीवरून वळताना हाताला काही लागत नाही, ब्रेकला सरळ थांबते. धाकटी बहीण शिरपूरला आहे, तिला आणायला गाडी गेली, आप्पांनी चालवली, मी शेजारी बसलो.

उजव्या बाजूचा बूट अजून चांगला आहे, पण त्या जॉइंटनेही तेवढीच वर्षं काढली आहेत. श्रावणाआधी तोही आर्म बदलणार आहे. लेथवाले दादा, पाइपचे तुकडे लागले नाहीत, तरी तुमचा पत्ता मला खासगीत द्या. ट्रॅक्टरचा किंगपिन यंदा तुमच्याकडेच आणतो.


लेथ_धुळे

पाठवला. बुश घेताना पिन बरोबर आणा भाऊ, नुसत्या मापावर रीमर मारत नाही मी.